शाईस्ताच्या हातांचा रंग

पाटोद्याच्या बाजारात जैनबबी मणियारणीच्या दुकानापुढं बायकांची गर्दी असायची ती जैनबबीसाठी नव्हे, तिच्या सुनेसाठी. शाईस्ताच्या हातात कसब होतं. समोरच्या बाईचा पंजा ती आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याचं मूळ दाबत राहायची आणि बाई घरची काहीतरी रडकथा सांगत असतानाच घट्ट मापाची बांगडी मनगटावर जाऊन बसलेली असायची. काच फुटायची नाही की बाई कळवळायची नाही. "मीच शिकवलं तिला," असं जैनबबी गल्ल्यावरून मोठ्यानं सांगायची. खरं तर शाईस्ता केजला, माहेरी, आपल्या फुफूकडं, म्हणजे आत्याकडं, हे शिकली होती. पण ती सासूचं बोलणं खोडत नसे. तेव्हा खोडत नसे.

पहिला डाग उजव्या अंगठ्याच्या नखाशी आला. चुन्याचा ठिपका असावा तसा. तिनं तो घासून पाहिला. मग बोटांच्या पेरांवर आले, मग मनगटावर, मानेवर एक. महिन्याभरात तिचे हात दोन रंगांचे दिसायला लागले.

सगळ्यात आधी बोलली सत्यभामाकाकू. गावच्या राजकारणात वजन असलेल्या घरची बाई, दर सणाला डझनानं बांगड्या भरणारी. शाईस्तानं हात पुढं केला तसा तिनं आपला मागं ओढला.

"ए भाभी, तुझ्या हाताला कोड हाय का?"

"डाग हायत काकू. लागत न्हाईत कुणाला."

"तुला काय माहीत? जैनबबी, तूच भर मला. हिला मागं बसव."

जैनबबीनं मागं बसवलं. त्या दिवसापासून शाईस्ता दुकानाच्या मागच्या बाजूला खोके उघडायची, माप लावून ठेवायची. तिचा आवाजसुद्धा पुढं येऊ नये असं सासूला वाटे. घरी गेल्यावर तोंड सुटायचं.

"माहेराहून घेऊन आली. लपवून दिली आमाला. माझा धंदा हाताचा हाय, अन् घरात असे हात आणून ठेवले."

शाईस्ताचा नवरा हारिस केज रस्त्यावर वडापची, माणसं भरून नेणारी जीप चालवायचा. तो जेवून उठायचा आणि जीप धुवायला जायचा. स्वच्छ असली तरी धुवायचा.

डागांवर लावायला तेल आणलं ते जैनबबीनंच. त्रिंबक नावाचा एक माणूस बाजाराच्या दिवशी चादर पसरून बसायचा. मुळ्या, भस्मं, बाटल्या. कोडावर म्हणून बावचीच्या बियांचं तेल तो स्वतः उकळून, त्यात आणखी काहीबाही मिसळून विकायचा. त्यानं शाईस्ताचा हात लांबूनच पाहिला.

"तेल लावायचं अन् उन्हात बसायचं. दुपारच्या. सकाळचं ऊन कामाचं न्हाई. जळजळ झाली की समजायचं कातडी जागी झाली. जितकी जळंल तितकी काळी पडंल."

चैत्राचं ऊन होतं. घराच्या पत्र्याला लागून एक उघडी गच्ची होती, तिथं जैनबबीनं पोतं टाकलं. दुपारी शाईस्तानं बाह्या वर करून, मान उघडी टाकून तिथं बसायचं. जैनबबी जिन्याच्या सावलीत बसून राहायची, ती उठून जाऊ नये म्हणून.

"अम्मी, आग होती."

"व्हायलाच पाह्यजे. बस."

थोड्या दिवसांनी डाग लाल झाले. मग उजव्या हातावर, कोपरापर्यंत, फोड आले, द्राक्षाएवढे. रात्री कापडाचा स्पर्श सोसेना. जैनबबीनं फोड पाहिले आणि म्हणाली, "औषध चढलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा वर पाठवलं. फोड फुटले, खाली कातडी गळाली, आणि महिन्यानं जखमा भरल्या तेव्हा जिथं जिथं भाजलं होतं तिथं नवी पांढरी कातडी आलेली होती. आधी डाग मनगटापर्यंत होते. आता हातभर झाले.

तो हात बघून शाईस्ता रडली नाही. तिला सासूचा राग आला, तेलवाल्याचा आला, त्या गच्चीचा आला, आणि सगळ्यांत जास्त रोज जीप धुणाऱ्या माणसाचा. तिनं हारिसला अंगणात गाठलं.

"उद्या मला बीडला ने. न्हाई नेलं तर मी एस्टीनं जाईन, अन् तिथून घरी येणार न्हाई."

हारिसनं नेलं.

बीडमधली कातडीची डॉक्टर तरुण होती आणि चिडकी होती. हात बघून ती हारिसवर घसरली.

"कुणी केलं हे?"

"बावचीचं तेल, उन्हात..."

"डाग असलेल्या कातडीत रंग नसतो. ऊन अडवायला तिच्याकडं काही नाही. त्यावर हे तेल चोळलं की ऊन दुपटीनं चावतं. आणि भाजल्या जागी नवे डाग उठतात, उठलेतच. उजेडाचा उपचार असतो, नाही असं नाही. पण तो दवाखान्यात, मोजून. उन्हात बसवून नाही."

तिनं गोळ्या, मलम लिहून दिलं, उजेडाच्या उपचाराच्या तारखा दिल्या. मानेवरचा डाग बहुतेक भरेल, म्हणाली. बोटांचं तिनं खोटं सांगितलं नाही. "बोटांवर रंग परत येणं अवघड असतं."

"मग मी बांगड्या कशा भरू?" शाईस्ता म्हणाली. "बायका हात देत न्हाईत."

डॉक्टरनं कपाटातून एक बाटली काढली. "परदेशात गोरी माणसं मुद्दाम उन्हात पडतात, कातडी सावळी व्हावी म्हणून. काही जण त्यासाठी दिव्यांच्या पेटीतही झोपतात. त्यानं कातडी करपते, म्हातारी होते, कॅन्सरसुद्धा होतो. म्हणून तिकडं हे लोशन निघालं. उन्हात बसावं लागत नाही. वरच्या मेल्या कातडीवर रंग चढतो, आठवडाभरात उतरतो. औषध नाही हे, नुसता रंग आहे. डोळ्यांपाशी, ओठांना लावायचं नाही. आधी कोपराजवळ थोडं लावून बघा, खाज सुटली तर सोडून द्या. आणि हे लावलं म्हणजे ऊन बाधत नाही असं समजू नका. बाहेर जाताना हात झाकायचे, नाहीतर उन्हाचं मलम लावायचं."

पहिल्यांदा लावलं तेव्हा फजिती झाली. हात हळदीत बुडवल्यासारखे पिवळट, तळवे तपकिरी, पेरांच्या घड्यांत काळ्या रेघा. ती चार दिवस हात ओढणीत घेऊन बसली. मग शिकली. आधी हात खरखरीत कापडानं घासायचे, डागापुरतंच लावायचं, पातळ लावायचं, तळवे लगेच धुवायचे. धुण्याभांड्यानं बोटांचा रंग लवकर जायचा, तिथं पुन्हा हात फिरवायचा. जैनबबी दुकानात गेली की ती हे करायची. नीट जमलं त्या दिवशी तिनं हात उलटसुलट करून पाहिले आणि कुणालाही न विचारता दुकानात जाऊन पुढं बसली.

जैनबबीनं तिचे हात धरले, डोळ्यांपाशी नेले. मग बाजारभर ऐकू जाईल असं ओरडली, "त्रिंबकचं तेल लागू पडलं!"

शाईस्तानं तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी सासूनं तिला स्वतः चहा ओतून दिला. रंग लावलाय म्हटलं तर सासू पुन्हा मागं बसवणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं समोर बसलेल्या बाईचा पंजा हातात घेतला.

लग्नसराई होती. बायका परतल्या. सत्यभामाकाकूही आली, तिनं हात दिला. आणि तिकडं चादरीवर त्रिंबक ओरडायला लागला, "मणियाराच्या सुनंला बघून या! हात भरून कोड होतं. जाऊन बघा आता!" बायका येऊन खरंच बघायच्या. बघून तेल घ्यायला जायच्या.

मृगाच्या आधी, अजून ऊन तापत होतं तेव्हा, सत्यभामाकाकू दुकानावर धावून आली. मागं तिची नात संस्कृती होती, कॉलेजातली पोरगी. पोटरीवर एक डाग होता तिच्या, एवढासाच, तो बांगडीवालीकडं बघून घरच्यांनी तेलानं घालवायला घेतला होता. आता पोटरीला पट्टी होती आणि पोरीला पाय टेकवत नव्हता.

"तुझं कसं गेलं ते सांग!" सत्यभामाकाकू शाईस्तावर ओरडली. "तेच तेल, तेच ऊन. माझ्या पोरीची कातडी लोंबली. तू काय लावलंस ते सांग!"

जैनबबी मध्ये पडली. "तुमीच जास्त लावलं असंल."

शाईस्तानं पोरीच्या पायाकडं पाहिलं. तिला त्या पट्टीखालचं सगळं माहीत होतं.

"तेलानं गेलं न्हाई, काकू. तेलानं वाढलं. हा रंग हाय, बाटलीतला. पोरीला बीडला न्या, मी डॉक्टरचा पत्ता देते."

सत्यभामाकाकूनं तिच्या अंगावर हाताला लागतील त्या बांगड्या भिरकावल्या. काच फुटून सगळीकडं पसरली. "सगळ्या गावाला फसवलंस! तुझ्या हाताला आता कुत्रं शिवणार न्हाई!"

पत्ता मात्र संस्कृतीनं स्वतःच विचारून मोबाइलमध्ये घेतला.

त्यानंतर नारायणगडाची यात्रा आली. जैनबबीचं दुकान तिथं दरवर्षी लागायचं, आणि या वेळी नेमकं समोरच्या रांगेत त्रिंबकनं चादर पसरली. शाईस्तानं आठवडाभर लोशन लावलंच नव्हतं. हात जसे होते तसे, उजवा तर कोपरापर्यंत पांढरा. ती दुकानातून उठली, बाह्या सारल्या आणि त्याच्या गिऱ्हाइकांत जाऊन उभी राहिली.

"हे बघा. मणियाराची सून ती मीच. ह्याचं तेल लावून उन्हात बसले, फोड आले, फोडांच्या जागी हे आलं. ह्यानं माझं नाव घेऊन तेल विकलं."

"ए बाई, कावून माझ्या पोटावर पाय देती? तू चांगली झालतीस, लोकांनी डोळ्यांनी बघितलंय!"

"रंग बघितला त्यांनी. मी बोलले न्हाई, ती माझी चूक. आता बोलते. तू बस ना उन्हात! लाव तुझं तेल तुझ्या हाताला अन् बस दुपारभर, मी सावली धरत न्हाई तुझ्यावर!"

कुणीतरी हसलं. एका माणसानं घेतलेली बाटली परत चादरीवर टाकली. त्रिंबकनं शिव्या दिल्या, तिनं त्याच्याइतक्याच जोरानं परत दिल्या. गर्दी त्याच्यापासून पांगली खरी, पण तिच्याकडंही वळली नाही. तिचे हात बघून बायका पलीकडच्या दुकानांत गेल्या. दुपार कलायच्या आत जैनबबीनं खोके बांधायला घेतले.

"माझं दुकान बुडवलंस. यात्रेत, सगळ्यांदेखत."

"ती खरं बोलली, अम्मी," हारिस म्हणाला. खोका उचलता उचलता म्हणाला, पण म्हणाला.

"तर मग तिला घेऊन जा. माझ्या गल्ल्यापाशी दोघंबी नकोत."

ते केजला आले. शाईस्ता आता बसस्टँडजवळ बांगड्या विकते. हात झाकून येते, सावलीत बसते. मानेवरचा डाग उपचारानं बराच भरला. बोटं तशीच आहेत. मनात आलं तर रंग लावते, न आलं तर लावत नाही. पण गिऱ्हाइकाला आधी सांगते, डाग हायत, लागत न्हाईत, चालत असंल तर हात द्या. काही बायका देतात, काही उठून जातात. उठून जाणारीला ती गोड बोलून थांबवत नाही.

त्रिंबक दुसऱ्या तालुक्याच्या बाजारात बसतो, असं हारिस सांगतो. तेल विकलं जातं. जैनबबी ईदलाही आली नाही. संस्कृतीची पोटरी भरली, खूण राहिली. एकदा ती आजीबरोबर केजच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिनं शाईस्ताला हात केला. आजीनं तिला दंडाला धरून पुढं ओढलं.

परवा एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली. पोरगी गोरी नव्हती, डागही नव्हता. "हिला उजळायचंय, त्या बाटलीनं होईल का?" शाईस्तानं बांगड्यांचा खोका बंद केला आणि पोरीसमोर त्या आईला असं काही झापलं की स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. लोक म्हणतात, शाईस्ता तोंडाळ झाली. झाली.