कॉन्टेसाचे जादाचे पाटे

वडगाव रासाईत चांगुणाबाईंची काळी कॉन्टेसा निघाली, की पारावरच्या माणसांचे चहाचे कप तोंडाशी जाता जाता थांबत. साठी ओलांडलेली बाई, नऊवारी, डोळ्यांवर गॉगल आणि पुढं ते लांबलचक बॉनेट. ऐट अशी, की नायिका विंगेतून रंगमंचावर यावी. शेजारच्या सीटवर नवरा, हौसराव. नजर अधू झाल्यावर त्यांनी स्टिअरिंग सोडलं आणि बाईंनी ते धरलं.

पण गेल्या महिन्यात कॅनॉलच्या वळणावर गाडीचं बूड सरकलं आणि कॉन्टेसा थेट उसात घुसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तरी दीर दत्तानं निकाल देऊन टाकला, "वैनी, बाईमाणसाला न्हाई झेपत असली गाडी. इकून टाका." हौसरावांनी मान डोलावली. दौंडचं गिऱ्हाईक रविवारी यायचं ठरलं.

बाईंना झोंबली ती ही डोलावलेली मान.

त्या रोज ते वळण मनात घोळवू लागल्या. वेग तर बेताचाच होता. डिकीत कांद्याच्या गोण्या असल्या, की हीच गाडी तिथून मुकाट वळायची. रिकामी असली, की मागची चाकं खड्ड्यावर उडायची. आणि बाईंना एकदम आठवलं. गोण्या पेलाव्यात म्हणून हौसरावांनीच एके काळी मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींना टेम्पोचे जादा पोलादी पाटे घातले होते. गाडी मागून बसली की पाटा वाढवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत.

बाईंनी गाडी शिरूरला मच्छिंद्र मिस्त्रीकडं नेली.

"मावशी, अजून एक पाटा टाकू. गाडी ताठ ऱ्हाईल."

"ताठ हाय म्हणूनच रिकामी उडती आन् सरकती. जादाचे सगळे काढ."

"लोक घालायला येत्यात. काढायला तुम्हीच पहिल्या."

"मग माझ्यापास्नं सुरुवात कर."

मच्छिंद्र हसत गाडीखाली शिरला. पण एकदा हात लागल्यावर गडी रंगात आला. पाटे उतरवले, झिजलेले रबरी बुश बदलले, चारी चाकांना नवे शॉकअप टाकले. वळणावर गाडी कलू नये म्हणून पुढं असते ती आडवी दांडी त्यानं आपल्या मनानंच जाड बसवली.

रविवारी गिऱ्हाईक आलं, महेंद्र नावाचं. गाडी चालवतच न्यायच्या तयारीनं बिचारा एसटीनं आला होता. बाईंनी निरोप धाडला होता, तसा दत्ता त्याला घेऊन कॅनॉलच्या वळणावरच उभा राहिला. घरी हौसराव कुरकुरत होते, "पाटं काढलं, आन् कांदा कशात न्यायचा?"

"टेम्पोत. बसा गाडीत."

"मी कशाला?"

"मान डोलावलीत तवा काय बघितलं व्हतं? आता बघा."

वळण आलं. बाईंनी वेग मुद्दामच थोडा जास्त ठेवला. हौसरावांनी दाराची मूठ गच्च धरली. चाकं खड्ड्यावरून गेली, पण मागचा भाग रस्ता सोडेना. गाडी आखल्यासारखी वळली.

"नशीब," दत्ता म्हणाला.

बाईंनी गाडी फिरवली आणि तेच वळण उलट्या बाजूनं घेतलं. या खेपेला हौसरावांचे हात मांडीवर होते.

गाडी थांबताच ते काच खाली करून म्हणाले, "दत्ता, गाडी इकायची न्हाई."

"ते मी सांगते," बाई म्हणाल्या आणि महेंद्रकडं वळल्या. "पाव्हणं, फुकटचा हेलपाटा पडला तुमाला. मागं बसा, दौंडापातूर सोडते."