अत्ती बोट बघायला जातात

कुंभारवाड्यात समुद्र नाही. तरीही आमच्या घरानं शिडाची बोट घ्यायचं मनावर घेतलं, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

आमचा होमस्टे आहे. जंगल बघून झालं की पाहुणे अणशीचा घाट उतरून कारवारला जातात आणि दुसऱ्याच्या बोटीत बसतात. मग आपलीच का नको? मी मोबाइलवर बोटींचे व्हिडिओ बघायला बसले. (भात किती वेळा करपला ते विचारू नका.) शेवटी एक मधल्या मापाची, तीन खोल्यांची, जुनी पण देखणी बोट मनात भरली. खरं सांगते, लग्न होऊन आल्यापासून या घरात माझ्या पसंतीची एकही वस्तू आलेली नाही. मिक्सरपासून म्हशीपर्यंत सगळं अत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी निवडलेलं. ही बोट तरी माझ्या पसंतीची यावी, असं फार वाटत होतं.

"बघून येऊया की," अत्ती म्हणाल्या.

आमच्यात बघून येणं म्हणजे सगळ्यांनी जाणं. दीर, जावा, नणंदा, पोरं आणि आमटीभाताची पातेली असा भरलेला टेम्पो कारवारच्या धक्क्यावर थांबला. बोटीच्या मालकानं आमच्याकडे बघितलं, मग काळजीनं बोटीकडे.

मी पुढं होऊन समजावू लागले. "अत्ती, ही एका पोटाची, म्हंजी पान्यात एकच बूड. दोन पोटांची बी मिळतीया, ती कमी हलतीया, पन लई रुंद. ही वाऱ्यावर झकास पळतीया."

"पळू दे. चूल कुठं हाय?"

शेगडी झुलती होती. अत्तींनी ती बोटानं ढोसली. "ह्यो काय पाळणा हाय?"

"बोट कलली तरी आमटी सांडू नये म्हणून तसं असतंय, अत्ती."

"व्हय? आन् पंगत कुठं बसायची?"

व्हिडिओत पंगतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आमचे हे (मला मदत म्हणून!) बोलले, "बसूनच बघूया की." झालं. घरच्या रीतीप्रमाणे सगळे एका ओळीत, एकाच काठाला बसले. पानं वाढली. बोट हळूच त्या बाजूला झुकली आणि भाताचं पातेलं घसरत दिरांच्या मांडीवर गेलं.

"अहो, अर्धे तरी इकडं या," मालक म्हणाला.

सगळेच उठून इकडं आले. बोट इकडं झुकली. आमटी शेगडीवर नव्हती, त्यामुळे ती सांडली.

"हे काहीच न्हाई, अत्ती," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी सकाळचे पोहे बाहेर आले. मी कठड्याला लटकले होते. बोटीची दोरी अजून धक्क्याला बांधलेलीच होती.

अत्तींनी माझं कपाळ धरलं, पाठ चोळली. आता कसली बोट, म्हणून मला रडू फुटलं.

"रडतीस कशाला? एवढी मानसं हिकडं तिकडं पळाली, तरी उलटली न्हाई. चांगली हाय. तू निवडलीस तीच घेऊया."

मी आणखी रडले. त्या क्षणी मला अत्ती आईपेक्षा जवळच्या वाटल्या.

"फकस्त तू हिच्यात परत चढू नको."

आता अत्ती पाहुण्यांबरोबर समुद्रावर असतात आणि बुकिंगचे फोन मी कुंभारवाड्यात घेते. "आमची बोट अजिबात हलत नाही," असं प्रत्येकाला ठासून सांगते. सांगताना खुर्ची मात्र एका हातानं घट्ट धरावी लागते.