सताड उघडी दारं

विद्यापीठात बॉम्ब ठेवल्याचा निनावी फोन आला आणि आम्ही इतिहास विभागातले सगळे चिंचेखाली जमलो. अशा वेळेसाठी प्रत्येक विभागाला एकेक झाड नेमून दिलेलं आहे. आपल्यातलं कुणी मागे राहिलं असेल, तर झाडाखाली ते लगेच कळतं.

मागच्या खेपेला आमचं चुकलं होतं. त्या धावपळीतही प्रत्येकाने सवयीने आपापल्या खोलीला कुलूप घातलं आणि तपासणीला आलेले पोलीस किल्ल्यांसाठी ताटकळले. म्हणून या वेळी सक्त ताकीद होती, की दारं सताड उघडी टाकून निघा.

चिंचेखालून पाहिलं तर आमची बैठी इमारत आरपार दिसत होती. मागची बाभळीची रांगसुद्धा. इतकी वर्षं तिथे शिकवतोय, पण ती इतकी मोकळी कधी दिसली नव्हती. पोलिसांचा कुत्रा थेट विभागप्रमुखांच्या खोलीत शिरला. तिथे आम्ही टकटक केल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

"सर, तुमच्या खुर्चीवर चढला की हो तो!" शिंदेबाई म्हणाल्या.

"चढू दे," सर हसले. "आपली माणसं सगळी इथे आहेत ना?"

सगळी होती. चिंचेची सावलीही सगळ्यांना पुरली.

काहीच सापडलं नाही. आम्ही आत गेलो, पंखे लावले, चहा सांगितला. आता दारं लावून घ्यायला हरकत नव्हती. पण संध्याकाळपर्यंत त्यासाठी कुणी उठलं नाही, सरसुद्धा.