पांढऱ्या उंदरांची लाल नाकं

बी.एस्सी. झाल्या झाल्या मला नगरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी लागली. दुष्काळाचं साल होतं. आमच्या सरांनी भातावर एक लाल बुरशी वाढवली होती. तिचा रंग जिलबीत, बर्फाच्या कांडीत घालता येईल, बाजारातले रासायनिक रंग नकोत, असं त्यांचं म्हणणं. पण तो खाऊन अपाय होत नाही हे आधी पाहायला हवं होतं. म्हणून पांढरे उंदीर आणले. एका पिंजऱ्याला रंग घातलेलं पीठ, दुसऱ्याला साधं. रोज वजन करायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं, हे माझं काम.

तिसऱ्या आठवड्यात रंग खाणाऱ्या उंदरांच्या नाकाशी लाल ओघळ दिसले. डोळ्यांच्या कडाही लाल. पिंजरे साफ करणारे भिंगारचे मामा मागून डोकावले.

"बाई, हे रगत हाय."

"पिठातला रंग लागला असेल, मामा."

"डोळ्याला कसा लागंल?"

मी ओघळ कापसावर टिपला आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडला. रक्तावर भसाभस फेस येतो. इथे आला, पण नावापुरता. वहीत 'रक्त' लिहिलं, खोडलं. 'रंग' लिहिलं, तेही खोडलं.

सर म्हणाले, "दिसतं तेवढंच लिहा. अर्थ नंतर लावू."

पण काय दिसतंय तेच मला कळत नव्हतं.

चार दिवसांनी साध्या पिठाच्या पिंजऱ्यातही तसंच लाल! मी मामांना विचारलं, "पिठाचे डबे बदलले का हो?"

ते दुखावले. "वाचता येत न्हाई मला, पर लाल आन् पांढरं कळतं की."



शेवटी सरांनी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी एक उंदीर हातात धरून पाहिला, मग पिंजऱ्यातली पाण्याची बाटली हलवली.

"पाणी किती देता?"

नळाला दिवसाआड पाणी यायचं. मामा तेच पुरवून पुरवून घालत होते.

"उंदराला त्रास झाला की डोळ्यामागच्या ग्रंथीतून असा लाल स्राव येतो," डॉक्टर म्हणाले. "रक्त नाही, आणि तुमचा रंगही नाही."

मी तिथेच मामांची माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "मलाबी रगतच वाटलं हुतं."

"म्हणजे रंग निर्धोक?" मी सरांना विचारलं.

"तहानलेल्या उंदरांवरून काहीच म्हणता येत नाही."

"मग रंगाच्या पिंजऱ्यातच ते चार दिवस आधी का दिसलं?"

सरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हात धूत म्हणाले, "ते मला नाही सांगता येणार."

पाण्याअभावी प्रयोग थांबला. पुढच्या वर्षी सर दुसऱ्या गावी गेले आणि ती बुरशी पुन्हा कुणी वाढवली नाही. त्या चार दिवसांचं मी नंतर बऱ्याच जाणकारांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं, आणि ऐकताना मला प्रत्येकाचं पटलं.