टपावरचा मोह

डोंगरातला पळस बघायला आम्ही नवरा-बायको झोपायची सोय असलेली भाड्याची व्हॅन घेऊन बोदलकसाला गेलो होतो. संध्याकाळी तलावाजवळ एका मोठ्या झाडाखाली लख्ख झाडलेली जागा दिसली. मी खूश होऊन तिथेच गाडी लावली.

पहाटे टपावर टपटप सुरू झाली. उजाडल्यावर दार उघडलं, तर समोर टोपली आणि खराटा घेऊन एक म्हातारी उभी.

"काऊन गा, मोहाखाली कायले गाडी लावली? काल झाडून ठेवली ना जागा मी!"

मग समजलं. मोहाची फुलं पहाटे गळतात. ती कचऱ्यात पडू नयेत म्हणून वेचणारे आदल्या दिवशीच झाडाखाली झाडून ठेवतात. ओशाळून मी किल्ली शोधू लागलो.

"थांब. चाकाखाली फुलं चेंदतीन."

लुगडं खोचून ती मागच्या शिडीनं सरसर टपावर चढली. मागोमाग मी. टपभर पिवळसर, रसरशीत फुलं. तिनं एक उचललं, सवयीनं फुंकर मारायला ओठ पुढे केले आणि थांबली. फुंकण्यासारखा मातीचा कण नव्हता. ती पहिल्यांदाच हसली.

टोपली भरल्यावर तिनं मूठभर फुलं माझ्या ओंजळीत टाकली.

"आता कुठी जाऊन राहिले?"

"पुढे. नागझिऱ्याला."

तिनं टपाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि खराटा माझ्या हातात दिला.

"टप झाडून ठेवजो. उद्या बी गाडी इथीच लावजो."

नागझिरा राहिला. पुढचे तीन दिवस रोज संध्याकाळी मी टप झाडत होतो.