समोरच्याला 'नाही' म्हणायचा तास

कुरुंद्याहून मी निघाले तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. आई लोकांच्या शेतातल्या कढईवरून तशीच उठून फाट्यावर आली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. वसमतला जाणारी जीप भरेपर्यंत ड्रायव्हर निवांत उभा होता. माझी पुस्तकांची बॅग टपावर चढवताना त्यानं विचारलं, "दगडं भरले काय ताई?" वडील हसले. ते गावातल्या शाळेत शिपाई होते. पोरगी पुण्याला जर्मन शिकायला चालली हे निम्म्या गावाला त्यांचं सांगून झालं होतं, उरलेल्या निम्म्याला ते फाट्यावर उभं राहून सांगत होते. जीप सुटताना त्यांनी जयभीम केला. आई खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "पोरी, तिथं मोठ्यायच्या तोंडाला लागू नको. ते म्हनतील त्याला व्हय म्हन." मी व्हय म्हणाले आणि जीप हलली.

पुण्यात माझ्या मराठीला लोक हसायचे, म्हणून मी बोलणंच कमी केलं. जर्मनच्या वर्गात मात्र सगळेच अडाणी होते, मी एकटी नव्हते. बहुतेक म्हणूनच ती भाषा मला आवडली. अडचण एकच होती, तिथे जर्मन शिकवायचे ते इंग्रजीतून. म्हणजे नदी पार करायची तर आधी बाजूची दुसरी नदी पोहून या. मराठी शाळेतून आलेली आम्ही तीन-चार पोरं त्या पहिल्या नदीतच गटांगळ्या खात होतो. तेव्हाच मनाशी ठरवलं, की आपल्या भागातून माझ्यामागून जो कुणी येईल त्याला असा वळसा पडू द्यायचा नाही. बाकी आयुष्यात मी काही फार जिद्दी नाही. आईला विचारलंत तर ती वेगळं सांगेल.

आज मी जर्मनीत, लाइपझिगला राहते. परदेशांतून इथल्या दवाखान्यांत कामाला येणाऱ्या माणसांना जर्मन शिकवते. सकाळी ट्रामनं शाळा, दुपारनंतर लॅपटॉप उघडून गावाकडच्या पोरापोरींचा ऑनलाइन वर्ग, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांच्या फोनवर पाठवायचं हे पत्र, 'रविवारची खबर'. तुमच्यापैकी बरेच जण मला या खबरेमुळेच ओळखतात. परीक्षेच्या जागा कधी खुल्या होतात, सावकाश वाचलेल्या बातम्या फुकट कुठे ऐकायला मिळतात, कुठला नवा शब्दसंग्रह मराठीतून तयार झाला, कुठला एजंट गोड बोलून पासपोर्ट अडकवून ठेवतो, हे सगळं त्यात असतं. सुरुवातीला ती माझ्या दोन मैत्रिणीच वाचायच्या. आता आमच्याच भागातल्या गोरेगावचे एक सरही वाचतात. ते शाळा सुटल्यावर पोरांना जपानी शिकवायला बघतात आणि रोज मला विचारतात, की मराठीतून केलेलं काही आहे का. नसेल तर आपण करू, असं माझं उत्तर ठरलेलं आहे. जपानीतलं मला ओ की ठो कळत नाही, तरीही.

या खेपेला खबरेत तारखा थोड्या आहेत आणि गोष्ट मोठी आहे. ती कळमनुरीच्या मंगल आणि रेखा यांची आहे. त्यांना विचारूनच लिहिते आहे.

दोघी नणंद-भावजय. मंगल वहिनी, रेखा तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. घर शेतकऱ्याचं. दोघी शिकलेल्या नर्स, नांदेडच्या एका दवाखान्यात एकाच एसटीनं जायच्या आणि एकाच एसटीनं यायच्या. इथल्या एका दवाखान्यानं दोघींना घ्यायचं कबूल केलं होतं, अट एकच, भाषेची परीक्षा पास व्हायची. मंगलचा नवरा मागाहून येणार असा बेत होता. वर्षभर त्या माझ्या वर्गात होत्या. एसटीत कानाला फोन लावून धडे ऐकायच्या, कंडक्टरला वाटायचं गाणी ऐकतात.

लेखी पेपर दोघींचे उत्तम गेले. तोंडी परीक्षेत दोन जणांनी समोरासमोर बसून एखादी गोष्ट मिळून ठरवायची असते. आडनाव एक, त्यामुळे यादीत नावं शेजारी आणि जोडी दोघींचीच लागली. विषय आला, दवाखान्यातल्या एका सहकारी बाईंचा निरोप समारंभ ठरवा. पुण्यातल्या केंद्रातून बाहेर पडल्या पडल्या मंगलचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मॅडम, एकदा बी अडकलो न्हाई. पटापट ठरलं सगळं."

मी विचारलं, कसं ठरलं?

"मी म्हनलं रविवारी बागेत करू. रेखा म्हनली, फार छान कल्पना. रेखा म्हनली केक आनू. मी म्हनलं, फार छान कल्पना."

पुढे काय होणार ते मला तिथेच कळलं. निकालही तसाच आला, दोघी फक्त तोंडीत नापास. परीक्षकांना बघायचं असतं की तुम्हाला हरकत घेता येते का, कारण देता येतं का, अडून बसून मग मधला मार्ग काढता येतो का. आणि या दोघींनी चहा थंड व्हायच्या आत कार्यक्रम ठरवून परीक्षकांना नमस्कार केला होता. चूक म्हणावी तर चूक, पण ती आपल्याकडच्याच माणसांनी करावी अशी. सासरच्या लेकीचा शब्द वहिनी कसा खाली पाडणार? आणि मोठ्या वहिनीला चार माणसांत धाकटी नणंद 'नाही' कशी म्हणणार? घरात ज्याला वळण म्हणतात, त्यानंच तिथे मार्क कापले.

दवाखान्यानं आणखी एक संधी दिली आणि स्पष्ट कळवलं की त्यानंतर जागा दुसऱ्यांना जातील. मी कामाला लागले. हरकत घेण्याची वाक्यं त्यांना पाठ करायला दिली. त्यांनी पाठ केली, पण म्हणायच्या अशा की जणू माफी मागतायत. रेखा 'माझं मत वेगळं आहे' असं जर्मनमध्ये म्हणायची आणि लगेच वहिनीकडे बघून जीभ चावायची. मी चिडले, मग स्वतःवरच चिडले. मलाही फाट्यावर हेच शिकवून पाठवलं होतं की. पुण्यात किती वर्षं मी मान डोलावत बसले होते.

मग एकदा ट्राममध्ये बसले असताना मला आमच्याकडचा आठवडी बाजार आठवला. तिथे कोण कुणाला नाही म्हणत नाही? वयानं आजी असलेल्या बाईशी पोरगी वांग्यावरून हुज्जत घालते, आणि कुणाचा मान जात नाही. कारण त्याची एक रीत असते. आधी माल चांगला आहे म्हणायचं, मग आपली अडचण सांगायची, मग आपला भाव. 'मावशी, तुमची मेथी एक नंबर, पन हा भाव न्हाई जमत, असं करा.' परीक्षकांना हवं होतं ते हेच, याच क्रमानं. आमच्या बाया ते रोज करत होत्या, फक्त घराच्या उंबऱ्याबाहेर.

पुढच्या वर्गात पुस्तक बंद केलं. मंगल भाजीवाली, रेखा गिऱ्हाईक. आधी मराठीत. पाच मिनिटांत दोघी अशा तावात आल्या की मंगलचा नवरा काय झालं म्हणून आत डोकावून गेला. मग तेच जर्मनमध्ये. मग भाजीच्या जागी निरोप समारंभ, सहल, नव्या शेजाऱ्याचं स्वागत. त्या आठवड्याच्या खबरेत मी हा धडा सगळ्यांना पाठवला. गोरेगावच्या सरांनी तो जपानीत बेतला असं कळवलं. तो कसा झाला ते मला तपासता येत नाही.

परीक्षा जवळ आली आणि घरातच पेच पडला. मंगलच्या सासूबाई अनुसयाबाई म्हणाल्या, दोघी गेल्या तर घर कुणी बघायचं, एकीनंच जावं. वर्ग सुरू झाला तर मंगल डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, माझं नाव काढा. रेखाला जाऊ द्या. ती घरची लेक हाय."

रेखा तिच्या शेजारीच बसली होती. तिनं वही मिटली. मग म्हणाली, "वहिनी, तुमी या घरात आल्यापासून सगळ्यायचं मोठ्या मनानं केलं, ते मला मान्य हाय. पन हे मला पटत न्हाई. तुमी माघार घेतली तर मी बी जात न्हाई. आईला मी अन दादा मिळून समजावतो."

मंगलनं डोळे पुसायचे थांबवले. घरात, आईच्या कानावर पडेल अशा आवाजात, मान राखून आणि एक पाऊल मागे न घेता ती मोठ्या वहिनीला नाही म्हणाली होती. स्क्रीनच्या कडेला अनुसयाबाईंचा पदर दिसला. "मॅडम, हेच शिकवून राहिल्या काय तुमी?"

"व्हय," मी म्हणाले.

अनुसयाबाईंनी काही दिवस अबोला धरला. परीक्षेला निघायच्या सकाळी मात्र त्यांनी दोघींना धपाटे बांधून दिले आणि म्हणाल्या, "जाऊन राहिल्याच तं पास होऊन या." या वेळीही जोडी दोघींचीच लागली. त्या इतक्या भांडल्या की वेळ संपल्याचं परीक्षकांना सांगावं लागलं. दोघी पास झाल्या.

त्या येणार म्हणून मी घरातली मागची खोली रंगवली. जुन्या सामानाच्या बाजारातून दोन पलंग आणले, पडदे शिवले. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी इतकी खूश कधी नव्हते. आता घरात आपलं बोलणं ऐकू येईल, कुणी तरी 'का'च्या जागी 'काहून' म्हणेल, या विचारानं मी कपाटं दोनदा लावली. आल्या दिवशी पिठलं केलं. खोली दाखवली. जेवायला बसलो तेव्हा मंगलनं भाकरी खाली ठेवली.

"मॅडम, तुमी आमच्यासाठी लई केलं. खोली बी झकास हाय. पन आमी हितं राहिलो तर दिवसभर मराठीच बोलू, अन वार्डात पुन्हा तोंड बंद. आमाला दवाखान्याच्या वसतिगृहातच जाऊ द्या. रविवारी येत जाऊ."

मला फार वाईट वाटलं. मी वाद घातला. वसतिगृहाचं स्वयंपाकघर, थंडी, लांबचा रस्ता, सगळं काढलं. त्यांनी एकेक खोडून काढलं. अर्ध्यावर रेखा जर्मनमध्ये शिरली आणि तिथेही माझी सरशी झाली नाही. या गावात मला नाही म्हणणारे पुष्कळ भेटले, घरमालक, कचेरीतले लोक, शेजारी. ते सभ्यपणे नाही म्हणतात आणि फोन ठेवतात. या दोघी नाही म्हणाल्या आणि तिथेच बसून राहिल्या, माझं म्हणणं ऐकून घेत, आपलं न सोडता.

शेवटी मी म्हणाले, "तुमचं बराबर आहे." पिठलं केव्हाच गार झालं होतं. मंगल उठली, मला न विचारता तिनं पातेलं परत शेगडीवर ठेवलं आणि मीठ कमी आहे म्हणत डबा शोधू लागली.

इथे कुणी मला घर कुठे म्हणून विचारलं, की आजवर मी फोनवर नकाशा उघडून कुरुंदा दाखवायचे. त्या संध्याकाळपासून मी आधी इथला पत्ता सांगते.