स्कूटर पुसलेली चादर

कल्पकतेवरच्या कसल्याशा शिबिराचं निमंत्रण आलंय. ‘कामगारांच्या नव्या कल्पनांना वाव द्या’ या विषयावर माझे जुने मालक बोलणार म्हणे! ते वाचून मी कपाट उघडलं आणि तळातली लहानशी चादर नाकाशी धरली. सुताच्या खळीचा आंबूस वास कधीच गेलाय. स्कूटरच्या तेलाचा मात्र अजून येतो.

तेव्हा मी त्यांच्या मागावर विणकर होतो. कांड्यांवर उरलेल्या सुतातून सुट्टीच्या दिवशी ती विणली, बायकोने कडा शिवल्या. पाळण्यात मावेल एवढी, मधे पिवळा मोर. चालली तर नवे नमुने काढायचं काम मला मिळेल, या आशेने सकाळी मालकांनी कारखान्याच्या दारात स्कूटर लावताच ती त्यांच्या हातात दिली.

“बाळंतविड्यात द्यायला लई चांगली हाय, मालक. दहा-वीस काढून बघू की.”

“लेकरं येणार हैत व्हय चादर घ्यायला?” त्यांनी ती उलटीपालटी केली. “सूत कुठलं?”

“उरलेलं.”

“मग कचराच की!” म्हणत त्यांनी त्याच चादरीने स्कूटरची सीट पुसली, इंजिनावरचं तेल पुसलं आणि ती माझ्या खांद्यावर फेकली. सगळा कारखाना हसला.

आज माझे बारा माग फक्त अशाच चादरी विणतात. ज्याला मोर आणि फडकं यातला फरक कळला नाही, तो आता वाव देणार! त्याच्यावर रागवायचीही माझी इच्छा नाही. डोकं फिरतं ते एवढ्यासाठीच, की ती चादर खांद्यावर घेऊन तेव्हा मीही हसलो होतो.